लाल थेंब, सोळा बोल्ट

मार्च संपत आला होता. डेट्रॉईटच्या उपनगरातल्या आमच्या घरासमोरचा बर्फ वितळला आणि गाडी उभी राहते तिथल्या सिमेंटवर रुपयाएवढा लाल डाग दिसला. आधी वाटलं, मुलांनी सरबत सांडलं असेल. सांगलीहून थोड्या दिवसांसाठी आलेल्या बाबांना मात्र तसं वाटलं नाही. एस.टी.च्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस. ते गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले, डागाला बोट लावलं, चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "चेंबरचं पॅकिंग गेलंय. पण हे ऑइल लाल कसं गं?"

प्रश्न रास्त होता. बाबांनी जन्मभर पाहिलेलं गिअरबॉक्सचं ऑइल म्हणजे काकवीसारखं दाट, आणि गंधकाच्या उग्र वासाचं. हे पाण्यासारखं पातळ आणि लालभडक. कारण आमची गाडी ऑटोमॅटिक. तिच्या गिअरबॉक्सच्या बुडाशी पत्र्याचं एक उथळ चेंबर असतं, इथले लोक त्याला पॅन म्हणतात. पॅन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये पॅकिंग, म्हणजेच गॅस्केट, बसवलेलं असतं. ते दोन्ही घरच्या घरी बदलायचं ठरलं, आणि त्या निमित्ताने या लाल तेलाची ओळख नव्याने झाली.

तेल की कामगार?

हाताच्या गिअरच्या गाडीत क्लच दाबायला डावा पाय आणि दांडा हलवायला डावा हात असतो (अमेरिकेत उजवा). ऑटोमॅटिकमध्ये ही दोन्ही कामं तेल करतं. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारा जो टॉर्क कन्व्हर्टर, त्यात लोखंडाला लोखंड घट्ट जोडलेलं नसतं, मधे तेल असतं. डेऱ्यात रवी जोरात फिरवली की ताकाबरोबर डेराही फिरू पाहतो, म्हणून तो पायाने धरून ठेवावा लागतो. तेच इथे घडतं. इंजिन एका बाजूची पाती फिरवतं, पाती तेल फिरवतात आणि तेल समोरची पाती ओढतं. सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं की डेरा धरल्यासारखा थांबतो, पण रवी फिरतच राहते आणि इंजिन बंद पडत नाही.

पुढचं काम दाबाचं. गिअरबॉक्सच्या आत बारीक चकत्यांचे क्लच असतात. कोणता क्लच कधी आवळायचा यावर कोणता गिअर पडणार हे ठरतं, आणि आवळण्याचं काम पंपाने दाब दिलेलं तेल करतं. कोणत्या वाटेने तेल सोडायचं ते व्हॉल्व्ह बॉडी नावाचा भाग ठरवतो. तो कापून पाहिला तर आत वारुळासारख्या वाटा दिसतात. याखेरीज दातांना वंगण पुरवायचं आणि उष्णता बाहेर न्यायची, हेही त्याच तेलाकडे.

म्हणून हे तेल बनवणं अवघड. दातांसाठी ते निसरडं हवं, पण क्लचच्या चकत्या मात्र त्यात भिजूनही एकमेकींना धरायला हव्यात, आणि धरताना धक्का बसता कामा नये. हा तोल साधण्यासाठी अमेरिकी कंपन्या १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळत होत्या. देवमाशांना कायद्याचं संरक्षण मिळालं, तो पुरवठा बंद झाला आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. लाल रंगाचा मात्र या गुणांशी काही संबंध नाही. तो मुद्दाम घातलेला रंग आहे. जमिनीवर थेंब दिसला तर तो इंजिन ऑइलचा नाही, हे चटकन कळावं म्हणून. सगळीच ऑटोमॅटिक तेलं लाल असतात असंही नाही, पण आमचं होतं.

हे सगळं तेल फिरून शेवटी खालच्या पॅनमध्ये उतरतं. तिथे बुडवून ठेवलेल्या फिल्टरमधून पंप ते पुन्हा वर ओढतो. म्हणजे पॅन हा या घराचा हौद. हौद गळायला लागून पातळी उतरली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, दाब पडतो, क्लच अर्धवट आवळले जाऊन घसरतात आणि जळतात. गळका हौद दुरुस्त करायला एक दुपार पुरते. जळलेल्या क्लचसाठी मात्र आख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.

मिठावर वसलेलं शहर

ज्या शहरात आम्ही राहतो, त्याच्या आसपासच ही यंत्रणा मोठी झाली. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रा-मॅटिक हा गिअरबॉक्स जाहीर केला आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत तो मिळू लागला. मोठ्या प्रमाणावर बनलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तो घडवणाऱ्या अभियंत्यांचा म्होरक्या अर्ल थॉम्पसन. गंमत अशी की हाताचे गिअर खडखडाट न होता पडावेत म्हणून जी सिंक्रोमेश यंत्रणा १९२८ मध्ये कॅडिलॅकमध्ये आली, तीही त्याचीच. म्हणजे आधी त्याने गिअर टाकणं सोपं केलं आणि मग ते कामच ड्रायव्हरच्या हातून काढून घेतलं. दुसऱ्या महायुद्धात हेच गिअरबॉक्स अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही बसले.

आणि या शहराच्या पोटात मीठ आहे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. तो आटला आणि मिठाचे जाड थर राहिले. डेट्रॉईटच्या रस्त्यांखाली साधारण ३५० मीटरवर मिठाची खाण आहे, आणि तिथलं मीठ हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर पडतं. वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी गाडीच्या पोटावर उडतं, बोल्टच्या डोक्यामागे आणि पत्र्याच्या दुमडीत साचतं. कडाक्याच्या थंडीत गंज सावकाश चढतो, ऊन पडू लागलं की वेगाने. आठ-दहा हिवाळे काढलेल्या गाडीच्या पॅनचा रंग उडालेला असतो, कडा पापुद्र्यांसारख्या सुटत असतात. आमच्या पॅनला बोटाने टोचलं तर पोपडा हातात आला. नुसतं पॅकिंग बदलून भागणार नव्हतं, पॅनही नवा हवा होता.

पण त्याआधी एक खात्री करावी लागते. थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही. गाडी धावताना वाऱ्याने तेल मागे सरकतं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून ठिबकतं. म्हणून गाडीचं पोट पुसून काढलं, थोडं फिरवून आणली आणि रात्रभर खाली जाड पुठ्ठा अंथरला. सकाळी टॉर्च घेऊन पाहिलं तर पॅनच्या मागच्या कोपऱ्यात, दोन बोल्टच्या बरोबर मध्ये, ताजी लाल रेघ होती.

गाडीखाली

इथे एक गोष्ट पोटतिडकीने सांगायची, कारण ती टाळणारे लोक जिवाला मुकले आहेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नाही. सपाट, कडक जमीन, हँडब्रेक, जमिनीवरच्या चाकांना लाकडी ठोकळे, आणि गाडीचं वजन लोखंडी स्टँडवर. मग खाली शिरण्याआधी गाडीला दोन्ही हातांनी हलवून पाहायचं. ती डुलली तर तेव्हाच डुलू दे. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण खालून पाहताना गंजाचा चुरा सरळ डोळ्यांत पडतो. तेल कोमट असावं. गार तेल हळू उतरतं, आणि बराच वेळ चालवून आणलेल्या गाडीतलं तेल ८०-९० अंश सेल्सिअस तापलेलं असतं.

आणखी एक युक्ती मला उशिरा कळली. जुनं तेल सोडण्याआधी नवं तेल भरायची जागा उघडते ना ते पाहावं. काही गाड्यांत भरण्यासाठी बाजूला बूच असतं आणि ते गंजून बसलेलं असतं. तेल सांडून मोकळं झाल्यावर ते कळलं तर गाडी तिथेच अडकते.

आमच्या पॅनला तेल सोडायचं बूच नव्हतं, पुष्कळ पॅनना नसतं. मग पॅन हळूहळू तिरका करावा लागतो. तीन बाजूंचे बोल्ट काढायचे, चौथ्या बाजूचे नुसते सैल करायचे. खाली मोठी परात. पॅकिंग चिकटून बसलेलं असेल तर कडेने हलकेच सोडवायचं, पण स्क्रू ड्रायव्हर खुपसून नाही. वरचा गिअरबॉक्स ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यावरचा एक ओरखडासुद्धा पुढे तेलाला वाट करून देतो. सोळापैकी दोन बोल्ट गंजून बसले होते. त्यांच्यावर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, तरी एक हटून बसला. बाबा म्हणाले, "सोडवायच्या आधी जरा आवळ." खरंच, केसभर आवळल्यावर गंजाचा बांध तुटला आणि बोल्ट करकरत बाहेर आला. जोर लावून सोडवला असता तर आतच तुटला असता.

चेंबरमधलं काजळ

पॅन खाली आला की त्याकडे घाईने फडकं नेऊ नये. तेव्हा तो गिअरबॉक्सचा वैद्यकीय अहवाल असतो. कोपऱ्यात पेढ्याएवढं एक गोल चुंबक बसवलेलं असतं. आमच्या चुंबकावर काजळासारखा करडा-काळा लेप होता, बोटांत धरला तर रवाही न लागणारा. हे नेहमीच्या झिजेचं लोखंड, काळजीचं कारण नाही. तिथे टाचणीएवढे कण, चमकते तुकडे किंवा दाताचा कपचा सापडला तर मात्र आत काहीतरी मोडलं आहे. तळाशी थोडा काळा गाळ क्लचच्या अस्तराचा असतो, तोही वयानुसार यायचाच. तेल काळं पडून त्याला करपल्याचा वास येत असेल तर क्लच जळू लागलेत असं समजायचं, आणि नवं पॅकिंग हे त्यावरचं औषध नाही.

उतरलेलं तेल आम्ही दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये मोजलं, जवळपास पाच लिटर भरलं. ते मोजणं फार महत्त्वाचं, कारण नवं तेल सुरुवातीला तेवढंच भरायचं असतं. आमच्या गिअरबॉक्समध्ये एकूण तेल याच्या दुपटीहून थोडं जास्त. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये अडकून राहतं. म्हणजे पॅन उतरवला की निम्मंच तेल बदलतं. काही आठवड्यांनी पुन्हा तेवढंच सोडून भरलं, तर साधारण पाऊण भाग नवं होतं.

मग फिल्टर. त्याच्या मानेला रबराची कडी असते आणि ती वरच्या भोकात बसते. फिल्टर खाली येतो, कडी पुष्कळदा वरच राहते. ती तशीच ठेवून नवा फिल्टर नवीन कडीसकट रेटला, तर तो नीट बसत नाही आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. कडी काढताना घाम फुटला, पण काढली.

पुसायला सुती फडकं घेऊ नये, त्याचे तंतू निघतात आणि त्या वारुळाच्या वाटांत अडकतात. जुन्या पॅकिंगचा चिकटलेला भाग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा. नवा पॅन असला तरी धुऊन कोरडा करायचा आणि चुंबक पुसून जागेवर ठेवायचं.

जोराचं गणित

आता ज्या भागात सगळ्यात जास्त लोक चुकतात तो भाग. पॅकिंग कॉर्कचं असतं, रबराचं असतं, किंवा आत पोलादी गाभा असलेल्या रबराचं. कोणतंही असलं तरी ते सारखं दाबलं गेलं पाहिजे. एखादा बोल्ट जास्त पिळला की त्याच्याभोवतीचा पत्रा वाकून वाटीसारखा होतो, दोन बोल्टच्या मधला भाग उचलला जातो, आणि नेमकी तिथून गळती सुरू होते. जुना पॅन उलटा करून पाहिला तर त्याची कड लाटेसारखी झाली होती. माझ्याआधी कुणीतरी, गळू नये म्हणून, सगळी ताकद लावून आवळलं होतं. अशी कड लाकडावर ठेवून हातोडीने सपाट करता येते, पण आमचा पॅन गंजलेलाच होता.

आमच्या पॅनच्या बोल्टला सुमारे १० न्यूटन-मीटर एवढाच पीळ सांगितलेला आहे. वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला पाच किलो पिठाची पिशवी टांगली तर तेवढा पीळ बसतो. ऐकायला फारच कमी वाटतं. पण बोल्टच्या आट्यांमुळे हा पीळ दाबात बदलतो. सहा मिलिमीटर जाडीच्या कोरड्या बोल्टचा ढोबळ हिशेब केला तर तो पॅनला सुमारे आठशे किलोच्या ताकदीने वर दाबतो. असे सोळा बोल्ट. पाच लिटर तेल अडवायला याहून जास्त कशाला हवं? उलट, ॲल्युमिनियममधले आटे नाजूक असतात. पोलादी बोल्ट जास्त पिळला की आटे जातात, आणि मग नवीन आटे बसवण्याचं किचकट काम पुढ्यात येतं.

पीळ मोजणारा पाना मी मुद्दाम आणला होता. ठरवलेला पीळ बसला की तो 'टक' असा आवाज करतो. सगळे बोल्ट आधी हातानेच टेकवले, मग मधल्यापासून समोरासमोर, निम्म्या पिळाने एक फेरी आणि पूर्ण पिळाने दुसरी. एका ओळीने गेलं तर पॅकिंग एका बाजूला सरकतं. पूर्ण पिळाचा पहिला बोल्ट बाबांनी साध्या पान्याने आवळला. दोन बोटं, अंगठा, मनगट हलवलंही नाही. "बास," म्हणाले. मी त्यावर मोजणारा पाना लावला. जवळपास न फिरताच 'टक' झालं.

आवाज ऐकून मला मात्र वाटलं, आणखी थोडंसं हवं. ती खुमखुमी प्रत्येकाला येते. सिलिकॉन चोपडण्याचाही मोह होतो, पण आमचं पॅकिंग रबराचं होतं, त्याला ते लागत नाही. बाहेर आलेला सिलिकॉनचा फुगवटा आतही आलेला असतो. तो तुटून तेलात फिरतो आणि फिल्टर गाठतो.

पातळी आणि पुण्याचा फोन

वरच्या नळीतून फनेलने, निघालं तेवढंच तेल भरलं. गाडी स्टँडवरून उतरवून सपाट जागी आणली, इंजिन सुरू केलं, ब्रेक दाबून गिअरचा दांडा प्रत्येक घरात काही सेकंद थांबवला, म्हणजे सगळ्या वाटा तेलाने भरतात. मग थोडं फिरवून, तेल तापल्यावर, इंजिन चालू असतानाच डिपस्टिक पाहिली. तापलेलं तेल फुगतं, म्हणून थंडपणी पाहिलेली पातळी फसवी असते. जास्त भरणंही वाईट. फिरणारे भाग तेलात बुडून ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाला दाब देता येत नाही. नव्या गाड्यांत बरेचदा डिपस्टिकच नसते. तिथे तेल ठरावीक तापमानाला आणून बुचातून पाहावं लागतं आणि त्यासाठी संगणक जोडावा लागतो. तशी गाडी असेल तर हे काम घरी न केलेलं बरं.

संध्याकाळी पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "माझीही ऑटोमॅटिकच आहे, मीही चेंबर उतरवू का?" म्हणाला. त्याला थांबवलं. भारतात ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गाड्या एएमटी असतात. मारुती सुझुकीच्या सेलेरिओने २०१४ मध्ये ही पद्धत भारतात आणली. त्यात गिअरबॉक्स आणि क्लच साधेच असतात, फक्त ते हलवण्याचं काम यंत्र करतं. तिथे असा लाल तेलाचा हौद नसतो. इनोव्हा क्रिस्टासारख्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांचं वेगळं, पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीचं वेगळं, आणि तिचं तेलही वेगळं. काही गाड्यांना सुटा पॅनच नसतो, नुसतं बूच. काहींत पॅन प्लास्टिकचा आणि फिल्टर त्यातच घडवलेला, म्हणजे दोन्ही एकत्रच बदलायचे. तेलही गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच, 'लाल आहे ना, चालेल' असं म्हणून नाही.

तेल कधी बदलायचं, हा त्याचा पुढचा प्रश्न. काही कंपन्या 'गाडीच्या आयुष्यभर पुरेल' म्हणतात. पण असे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनीच स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान, किंवा फार तर आठ वर्षांनी, तेल बदलायला सांगते. आयुष्य कुणाचं, गाडीचं की तेलाचं, हे विचारून घ्यावं.

जुनं तेल कॅनमध्ये बंद करून सुट्या भागांच्या दुकानात दिलं. इथल्या पुष्कळ दुकानांत ते फुकट घेतात आणि पुढे शुद्ध करायला पाठवतात. गटारात ओतलं तर ते थेट नदीत जातं.

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा घातला. सकाळी बाहेर आले तर बाबा माझ्याआधी तिथे उकिडवे बसलेले. पुठ्ठ्यावर ओला डाग होता. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी बोट लावलं, चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं.

"पाणी आहे," म्हणाले. "चल, चहा टाक."